जुनी करपद्धत की नवी? नवरा-बायकोचे दोन हिशेब

‘आमच्या दोघांचं मिळून सोळा लाख, मग कर किती?’ असं विचारणाऱ्याला मी आधी दोन कोरे कागद घ्यायला सांगतो. आपल्या देशात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. सूट दोघांना वेगळी, कर वेगळा. बायकोची न वापरलेली मर्यादा नवऱ्याला मिळत नाही. एकाने जुनी पद्धत (वजावटी जास्त, पण दर चढे; नव्या पद्धतीत याच्या उलट) घेतली म्हणून दुसऱ्यालाही तीच घ्यावी लागते, असंही नाही. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

नवऱ्याचा पगार ११ लाख, बायकोचा ४ लाख ८० हजार असं धरू. गृहकर्ज चालू आहे.

नव्या पद्धतीत नवऱ्याच्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पगारदाराला कुठलाही पुरावा न देता मिळणारी) गेली की १० लाख २५ हजार उरतात. त्यावर टप्प्यांनुसार ४२,५०० कर येतो. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने रिबेट, म्हणजे करातच मिळणारी सूट, मिळून तो शून्य होतो.

जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५० हजारच. शिवाय ८०सीचे (पीएफ, विम्याचे हप्ते अशा बचतीचे) दीड लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि कर्जाच्या व्याजाचे २ लाख असं सगळं भरून वजा केलं तरी ६ लाख ७५ हजार उरतात. उपकरासह (करावर लागणारा जादा आकार) कर होतो ४९,४००. इतकी धडपड करून पन्नास हजार भरायचे! बायकोला दोन्हीकडे शून्यच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा पगार पावणेतेरा लाखांपर्यंत आहे, त्याने मार्च महिन्यात केवळ कर वाचवायला पॉलिसी काढू नये. विमा गरजेसाठी घ्यावा. कराच्या घाईत घेतलेल्या पॉलिसीचे हप्ते पुढे कित्येक वर्षं घरखर्चातून जातात, आणि माफक कमाईच्या घराला ते फार जड पडतं.

जुनी पद्धत कधी परवडते? पगार १५ लाख असेल तर नव्या पद्धतीत कर ९७,५०० होतो. जुन्या पद्धतीत त्याहून कमी भरायचा तर प्रमाणित वजावट सोडून साधारण ५ लाख ४४ हजारांहून जास्त वजावट दाखवता आली पाहिजे. घरभाडे भत्त्याची मोठी सूट किंवा मोठं गृहकर्ज नसेल तर हा आकडा गाठणं अवघड. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि हप्ता दोघे भरत असतील, तर राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या पद्धतीत प्रत्येकाला वेगळी मिळते, तेवढं लक्षात ठेवा.

रिबेटच्या सीमारेषेवरही फरक आहे. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर कर १० हजार आणि उपकर, इतकाच. जुन्या पद्धतीत ही सीमा ५ लाखांची, आणि तिच्यावर एक हजार जास्त झाले की थेट १३,२०८ भरावे लागतात.

पगारदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते, मात्र रिटर्न मुदतीत हवं. उशीर झाला की नवीच लागू. धंद्याचं उत्पन्न असेल तर अशी ये-जा करता येत नाही.

दोन चुका मात्र महागात पडतात. बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर ठेव केली, तरी त्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. ती ठेव तिच्या स्वतःच्या कमाईतली असेल, तर व्याज तिचं. दुसरी चूक शेअरच्या नफ्याची. नव्या पद्धतीत वजावटीनंतर पगाराचे ९ लाख उरले आणि वर्षाच्या आत शेअर विकून बाजारात ५० हजारांचा नफा झाला, तर पगारावरचा कर शून्य होतो, पण त्या नफ्यावर २० टक्के दराने उपकरासह १०,४०० भरावेच लागतात. तिथे रिबेट चालत नाही.