ब्रुकलिनमध्ये व्हिस्कीची भट्टी बघायची, तर किंग्ज काउंटी की विडो जेन?

न्यूयॉर्कमध्ये एकच दुपार मोकळी असेल, तर दोन्हीकडे धावू नका, एक निवडा. फोटोत दोन्ही सारख्याच, जुन्या वखारीसारख्या दिसतात: जुन्या विटा, तांबं, लाकडी पिंपं. खरा फरक दारू कुठे गाळली जाते यात आहे.

किंग्ज काउंटी २०१० साली सुरू झाली आणि २०१२ पासून नेव्ही यार्ड या नौदलाच्या जुन्या गोदीतल्या १८९९ च्या इमारतीत आहे. गोदीतले पगार इथून वाटले जायचे, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ही वखार नव्हे, कचेरी. पण धान्यापासून बाटलीपर्यंत सगळं इथेच होतं. बर्बनला, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीला, ८० टक्के मका आणि २० टक्के मोड आणून वाळवलेलं जव. उघड्या लाकडी टाक्यांत आंबवण फसफसतं, मग ते स्कॉटलंडच्या घडणीच्या तांब्याच्या भांड्यांतून दोनदा गाळतात. गोव्यात काजूची भट्टी पाहिलेल्याला हे सांगावं लागणार नाही. पहिल्यांदा निघते ती उर्राक, पुन्हा चढवली की फेणी. इथे तेच मक्याचं. मला ही जागा आवडते ती यासाठीच: काम डोळ्यांसमोर उलगडतं.

विडो जेन ब्रुकलिनच्याच रेड हुक भागात, बंदरालगतच्या खऱ्याखुऱ्या जुन्या गोदामात. तिचा नावाजलेला दहा वर्षांचा बर्बन मात्र केंटकी, टेनेसी, इंडियानात गाळलेला असतो. रेड हुकमध्ये फार तर पाच-पाच पिंपं एकत्र करतात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रोझेंडेल गावच्या चुनखडीच्या खाणीतलं पाणी घालून ४५.५ टक्क्यांवर आणतात. (ब्रुकलिन पुलाला सिमेंट रोझेंडेलचंच.) यात लबाडी नाही. पिंपं पारखून मेळ जमवणं हे मोठं कसब आहे, आणि दहा वर्षं मुरलेल्या दारूचा मऊपणा कोवळ्या दारूला येत नाही.

दुकानात घेणार असाल तर बाटली फिरवून बघा. व्हिस्की दुसऱ्या राज्यात गाळलेली असेल, तर त्या राज्याचं नाव लेबलवर छापणं अमेरिकेत बंधनकारक आहे.

म्हणून बघायला किंग्ज काउंटी, आणि घरी न्यायला, विशेषतः पाण्याबरोबर सावकाश पिणाऱ्या काकांसाठी, विडो जेनची दहा वर्षांची. रेड हुकला सबवे जात नाही, बस किंवा फेरी धरावी लागते. लहान मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे आधी लक्षात घ्या. चव घ्यायला वय २१ पूर्ण हवं, त्यामुळे पासपोर्ट खिशात असू द्या.