‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ : बसवायला घेण्याआधी ही संहिता नीट तपासा

हौशी संस्थांच्या नजरेत इंग्रज नाटककार जे. बी. प्रीस्टली यांची ही संहिता पटकन भरते. सात पात्रं, एक खोली, एक रात्र. अंक तीन असले तरी काळ सलग आहे. पहिल्या अंकाचा पडदा ज्या क्षणावर पडतो त्याच क्षणावर दुसऱ्याचा उघडतो, तिसऱ्याचंही तसंच. मध्यंतर सोडलं तर प्रयोग साधारण दोन तासांत बसतो. पात्रांच्या वयांचीही अडचण नाही. तिघं पन्नाशीच्या आसपासचे, गेराल्ड तिशीचा, शीला आणि एरिक विशीतले आणि घरातली मोलकरीण एडना. संहिता उत्तम आहे आणि जरूर घ्यावी. मात्र ‘श्रीमंत दुष्ट, गरीब बिचारे’ एवढ्याच समजुतीवर ती उभी केली तर दुसऱ्या अंकातच तिचा जीव जातो. प्रत्येकाचा दोष त्याच्या हातात किती ताकद होती त्यावरून इथे मोजला आहे. ती ताकद त्याला त्याच्या वर्गाने दिलेली आहे. दिग्दर्शकाने सांभाळायचं ते हे मोजमाप.

गोष्ट थोडक्यात अशी. १९१२ सालच्या वसंतात ब्रमली नावाच्या काल्पनिक औद्योगिक शहरात कारखानदार आर्थर बर्लिंगच्या घरी त्याची मुलगी शीला आणि गेराल्ड क्रॉफ्ट यांच्या साखरपुड्याचं जेवण आटोपलेलं असतं. इन्स्पेक्टर गूल येतो आणि सांगतो, इव्हा स्मिथ नावाची मुलगी जंतुनाशक पिऊन मेली. मग एकेकाचा तिच्याशी आलेला संबंध उघड होतो. बर्लिंगने तिला कारखान्यातून काढलं, शीलाने मिलवर्ड्स या दुकानातली तिची नोकरी घालवली, गेराल्डने तिला काही महिने ठेवून सोडलं, बर्लिंगचा मुलगा एरिक याच्यापासून तिला दिवस गेले आणि बर्लिंगची बायको सिबिल हिने धर्मादाय समितीत तिची मदत नाकारायला लावली.

तालमीच्या पहिल्या आठवड्यात नटसंचाला बसवून पैशाचे आकडे समजावून द्यावेत, कारण नाटकाचा कणा तिथे आहे. कारखान्यातल्या मुलींना आठवड्याला सरासरी २२ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे साडेबावीस शिलिंग मिळत, त्यांनी २५ शिलिंग मागितले. फरक अडीच शिलिंगांचा, म्हणजे पगाराच्या नवव्या हिश्शाइतका. बर्लिंग नकार देतो, संप होतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत मोडतो आणि पुढे होऊन बोलणाऱ्या चार-पाच जणींना काढलं जातं. तिसऱ्या अंकात कळतं की एरिकने बापाच्या कचेरीतून सुमारे ५० पौंड उचलले. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे झाले १,००० शिलिंग. इव्हाने मागितलेल्या दराने हा ४० आठवड्यांचा पगार होतो. ती पगारवाढ वर्षाला साडेसहा पौंडांची होती, म्हणजे मुलाने उचललेल्या रकमेत एका मुलीची वाढ साडेसात वर्षं भागली असती. शेवटी तर बर्लिंग हजारो पौंड द्यायला तयार होतो. संहितेत हा हिशेब कोणीही मांडून दाखवत नाही, प्रेक्षकाने तो स्वतः करायचा असतो. पण पहिल्या अंकातले ‘साडेबावीस’ आणि ‘पंचवीस’ नटाने गिळले तर तिसऱ्या अंकातले ‘पन्नास’ कुठेच जाऊन लागत नाहीत. भाषांतरात या रकमा रुपयांत बदलू नयेत. आकडा स्वच्छ उच्चारायचा आणि त्याच्यामागे अर्ध्या श्वासाची जागा ठेवायची.

आता जबाबदारीकडे येऊ. या पाच जणांनी जे केलं त्यात कायद्याने गुन्हा ठरेल असं फक्त एरिकचं आहे. तो दारूच्या नशेत तिच्या खोलीत जबरदस्तीने शिरला आणि त्याने पैशांची अफरातफर केली. बाकी सगळं बिनचूक कायदेशीर आहे. मालकाला कामगार काढता येतो. गिऱ्हाइकाला तक्रार करता येते. समितीला अर्ज फेटाळता येतो. म्हणूनच नटांनी ही माणसं काळ्या रंगात रंगवू नयेत. बर्लिंग आपली बाजू मांडतो तेव्हा प्रेक्षागृहातल्या चार डोक्यांनी तरी संमतीने हलायला हवं. ती हलली नाहीत तर पुढचा आरोप फक्त रंगमंचावरच्या लोकांवर राहतो.

शीलाचा प्रसंग या दृष्टीने फार बारकाईने लिहिला आहे. आईने आणि दुकानातल्या बाईने सांगितलं होतं की हा पोशाख तुला शोभणार नाही, तरी तिने हट्टाने घालून पाहिला. तो शोभला नाही. इव्हा तो नुसता अंगासमोर धरून उभी राहिली तर तिला शोभत होता आणि तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. एवढं निमित्त. शीलाकडे अधिकाराचं कुठलंच पद नाही, दुकानात आईचं खातं आहे. ते खातं बंद करायला लावीन, या एका धमकीवर एका मुलीची भाकरी जाते. शीला करणाऱ्या मुलीने इथे रडण्याची घाई केली की प्रेक्षक तिला लगेच माफ करतात आणि खात्याचा मुद्दा हवेत विरतो. आधी घटना कोरड्या क्रमाने सांगायची. रडू आलंच तर नंतर.

काळाचा संदर्भही नटांच्या मनात पक्का हवा. टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघणार, असं बर्लिंग म्हणतो. ते जहाज १० एप्रिल १९१२ रोजी निघालं, म्हणजे ही रात्र एप्रिलच्या आरंभीची. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा १९११ मध्ये झाला होता, पण बेकारीचा भत्ता जानेवारी १९१३ पासून मिळू लागला आणि तोही बांधकाम, जहाजबांधणी, अभियांत्रिकी अशा मोजक्या धंद्यांपुरता. नोकरी गेलेल्या, गरोदर, अविवाहित मुलीला सिबिलच्या समितीनंतर वर्कहाउस (निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणारा आश्रम) सोडून फारसं काही उरत नव्हतं. सिबिल दार लावते तेव्हा ते शेवटचं दार आहे, हे तिची भूमिका करणारीला ठाऊक असावं. सिबिलला मात्र ते ठाऊक नाही, किंवा माहीत करून घ्यायचं नाही.

वर्गाची उतरंड बर्लिंगच्या जेवणाच्या टेबलावरही आहे आणि बहुतेक प्रयोगांत ती हातची जाते. बर्लिंग स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेला आहे. बायको त्याच्यापेक्षा वरच्या थरातली. स्वयंपाकिणीचं कौतुक पाहुण्यासमोर करायचं नसतं, हे ती त्याला पहिल्या काही मिनिटांतच सुनावते. होणाऱ्या जावयाला पोर्ट वाइन देताना बर्लिंग आवर्जून सांगतो की तुझे वडील घेतात तीच ही. गेराल्डची आई लेडी क्रॉफ्ट जुन्या जमीनदार घराण्यातली आणि तिला हे लग्न आपल्या मुलाच्या तोलाचं वाटत नाही, म्हणून सर किताब मिळण्याची आशा तो गेराल्डच्या कानावर घालून ठेवतो. साखरपुड्याच्या भाषणातसुद्धा दोन्ही घराण्यांच्या कंपन्यांनी मिळून खर्च कमी आणि भाव जास्त ठेवण्याचं स्वप्न येतं. बर्लिंगला नुसता ओरडणारा मालक केलं की हे सगळं वाया जातं. तो घाबरलेला माणूस आहे. वरची पायरी हातून निसटेल याची त्याला सतत धास्ती आहे. खालच्यांशी त्याचा कठोरपणा बराचसा तिथूनच येतो.

सिबिलची चौकशी हे अख्ख्या संहितेतलं सर्वांत कसलेलं बांधकाम. इन्स्पेक्टर तिला एकेक पायरी खाली उतरवतो. समितीत तूच पुढाकार घेऊन मदत नाकारायला लावलीस का? हो. तुला पश्चात्ताप होतो का? नाही, जबाबदार तिच्या पोटातल्या मुलाचा बाप आहे. त्याचं काय करावं? त्याला जाहीरपणे धडा शिकवावा. हे बोलताना तो बाप कोण, हे तिला ठाऊक नसतं. शीलाला आधी उमगतं, ती आईला थांबवू पाहते. प्रेक्षकाला शीलाच्या जवळपास त्याच क्षणी कळायला हवं. सिबिलला त्यानंतर चांगली अर्ध्या मिनिटाने. हे अंतर गतीवर अवलंबून आहे. शीलाने फार लवकर किंचाळून फोडलं तर सिबिल मूर्ख दिसते. उशीर झाला तर अंकाचा शेवट नुसता धक्का होऊन बसतो. सिबिलने आवाज चढवू नये. तिची खात्री वाढत जाते तशी तिची वाक्यं अधिक संथ, अधिक सभ्य व्हावीत. स्वतःच्या मुलाविरुद्धचा निकाल ती ज्या निर्धास्तपणे देते, त्यात तिचा सगळा वर्ग बोलतो.

तांत्रिक दृष्ट्या सर्वांत जास्त चुका फोटोच्या बाबतीत होतात. इन्स्पेक्टरजवळ मेलेल्या मुलीचा पोस्टकार्डाएवढा फोटो आहे आणि तो एका वेळी एकालाच दाखवतो. बर्लिंग बघतो तेव्हा एरिक आणि गेराल्ड पुढे येऊ पाहतात, तर इन्स्पेक्टर मध्ये उभा राहतो. शीला उजेडाजवळ जाऊन बघते आणि ओळखते. दुसऱ्या अंकात सिबिलला दाखवला जातो. गेराल्ड फोटो पाहत नाही, इव्हाने पुढे घेतलेल्या डेझी रेंटन या नावानेच तो सापडतो. एरिकलाही तो दाखवला जात नाही. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर गेल्यावर गेराल्ड जो युक्तिवाद लढवतो, की प्रत्येकाला दाखवलेला फोटो एकाच मुलीचा होता हे कशावरून, तो पूर्णपणे या हालचालींवर टेकलेला आहे. तालमीत कोणा दोघांची नजर एकदम फोटोवर गेली, तर शेवटची वीस मिनिटं तर्काच्या बाजूने कोसळतात. म्हणून फोटोच्या जागा आधी आखाव्यात, बाकीचं ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या हालचालींची आखणी, त्यांच्याभोवती करावं. फोटो पुन्हा खिशात जाताना प्रेक्षकाला स्पष्ट दिसला पाहिजे.

नेपथ्याबाबत लेखकाने स्वतः संहितेतच सावध केलं आहे. वास्तववादी खोली उभारायची तर दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाला मांडणी फिरवावी लागते, त्यासाठी नेपथ्याच्या भिंतींचे जादा फ्लॅट्स नेमके बसवावे लागतात आणि जेवणाचं टेबल पुढे अडगळ ठरतं. ही कटकट नको असेल तर वास्तववादी सेटच नको, असं ते सुचवतात. तो सल्ला मानावा. स्टीफन डाल्ड्री यांनी १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी केलेल्या प्रयोगात बर्लिंगचं घर खांबांवर उचललेलं होतं आणि शेवटाकडे ते कलंडून मोडत होतं. तेवढं यंत्र कोणी करायला जाऊ नये, पण घर उंचावर आणि रस्ता खाली, ही कल्पना दोन फुटांच्या चौथऱ्यावरही जमते. प्रकाशाची सूचना छोटी आणि अचूक आहे. इन्स्पेक्टर येईपर्यंत गुलाबी, जवळिकीचा उजेड, नंतर लख्ख आणि कठोर. ‘माणसाने आपलं आपण बघावं’ हा उपदेश बर्लिंग देत असतानाच दाराची घंटा वाजते. घंटा वाक्य तोडून आली पाहिजे. नटाने वाक्य संपवून तिची वाट बघितली की तो क्षण गेला.

इन्स्पेक्टरला भूत करू नका. धूर, निळा झोत, घुमणारा आवाज यांनी जबाबदारीचा प्रश्न गूढकथेत बुडतो. संहितेला हवा आहे भरीव, शांत माणूस, बोलण्याआधी समोरच्याकडे रोखून पाहणारा. आपण सगळे एकमेकांना जबाबदार आहोत, हे बजावणारं त्याचं शेवटचं भाषण मात्र खरी अडचण आहे. संहिता १९४४-४५ च्या हिवाळ्यात लिहिली गेली. पहिला प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झाला, लंडनमध्ये १९४६ मध्ये. दोन महायुद्धं पाहून बसलेल्या प्रेक्षकाला ते भाषण स्वतःच्या तोंडचं वाटलं असेल. आज ते व्यासपीठावरचं वाटू शकतं. ते कापू नये. प्रेक्षागृहाकडे तोंड करून म्हणूही नये. त्या चौघांना उद्देशून, जाण्याच्या घाईत म्हटलं तर अंगावर येतं. चौघं अशासाठी की गेराल्ड त्या वेळी बाहेर गेलेला आहे आणि परतल्यावर हा इन्स्पेक्टर खरा पोलीस नव्हताच, ही सुटकेची बातमी तो आणतो ते याच कारणाने.

उणिवाही आहेत. इव्हा रंगमंचावर येत नाही. ती आपल्याला फक्त इतरांच्या तोंडून कळते आणि ती जरा जास्तच निर्मळ आहे. चोरीचे पैसे नाकारणारी, कुणालाही दोष न देणारी. दोष असलेली इव्हा असती तरी या लोकांची जबाबदारी तसूभर कमी झाली नसती, आणि नाटक अधिक धीट झालं असतं. गेराल्डला लेखकाने थोडी सवलत दिली आहे, त्याने तिला खरा आनंद दिला असं मान्य करून. ती सवलत नटाने आणखी वाढवू नये. एडनाला तर मोजकीच वाक्यं आहेत. पण सदसद्विवेकाची एवढी चर्चा चाललेल्या घरात, चहा करायला लागेल म्हणून तिला रात्री जागं ठेवलेलं आहे. ही भूमिका ‘कोणीतरी करेल’ म्हणून शेवटी वाटू नका. पहिल्या अंकात टेबल आवरताना तिला भरपूर वेळ द्या, बर्लिंग कुटुंबाने तिच्याकडे न बघण्याची तालीम करा.

तिसऱ्या अंकाचा उत्तरार्ध लांबतो अशी तक्रार असते आणि कात्री तिथेच चालते. ती चूक आहे. इन्स्पेक्टर खोटा होता असं ठरल्यावर आईबाप आणि गेराल्ड किती पटकन पूर्ववत होतात आणि शीला, एरिक का होत नाहीत, हे दाखवायला तेवढी जागा लागते. गेराल्डने पुढे केलेली अंगठी शीला इतक्यात घेत नाही, ती जागा तर अजिबात घाईत उरकू नये. कापायचंच तर पहिल्या अंकातली बर्लिंगची भविष्यवाणी (युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणार नाही) थोडी आखडता येईल, टायटॅनिक तेवढी ठेवून. प्रीस्टली १९८४ मध्ये गेले, त्यामुळे संहितेचे हक्क अजून जिवंत आहेत. प्रयोगाची आणि भाषांतराची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते, आणि भाषांतर हाती घेण्याआधीच ती मागावी. कात्री चालवायची असेल तर त्याची मुभाही त्याच पत्रात मागून घ्यावी.