आमालिएनबोर्ग संग्रहालय, कोपनहेगन: फ्रेडरिक नववा पाहायला जाणाऱ्यांसाठी

डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक नववा माणूस म्हणून कसा होता, या कुतूहलानं जाल तर तिकिटाचे पैसे वसूल. त्याच्या कारकिर्दीत देशात काय बदललं हे शोधत जाल, तर अर्धंच हाती लागेल.

आमालिएनबोर्गच्या चौकातल्या चार राजवाड्यांपैकी ख्रिश्चन आठव्याच्या वाड्यात हे संग्रहालय आहे. १८६३पासून गादीवर असलेल्या ग्लुक्सबोर्ग घराण्यातल्या राजांच्या अभ्यासिका आणि दिवाणखाने इथे पुन्हा मांडले आहेत. एरवी तासाभरात सगळं आटोपतं. सुरुवातीच्या खोल्या, विशेषतः ख्रिश्चन नवव्याच्या काळातल्या, सामानानं खच्चून भरलेल्या. बहुतेक जण तिथेच रेंगाळतात आणि पुढे नुसते चालत सुटतात. फ्रेडरिकची अभ्यासिका पुढे आहे, तिच्यासाठी दम राखून ठेवा.

खोली स्वतःहून फार बोलत नाही, त्यामुळे थोडी तयारी हवी. फ्रेडरिकचा जन्म १८९९चा. राजपुत्रानं लष्करात जायचं ही रीत मोडून तो नौदलात शिकला. अंगावरचे गोंदण तिथलेच, आणि ते त्यानं कधी लपवले नाहीत. संगीताची जाण इतकी की रॉयल ऑर्केस्ट्राचं संचालन तो स्वतः करायचा. १९३५मध्ये स्वीडनच्या इन्ग्रिडशी लग्न झालं, तीन मुली झाल्या, १९४७मध्ये गादी मिळाली. घरगुती, रुबाब न दाखवणारा राजा ही त्याची प्रतिमा इथे नेमकी उतरते.

निसटतं ते १९५३. तेव्हाच्या नियमानुसार मुलींना वारसा नव्हता, म्हणून पुढचा राजा धाकटा भाऊ क्नूड होणार होता. नवी राज्यघटना आणि वारसा कायदा यांवर एकत्रच सार्वमत झालं. संसदेचं वरिष्ठ सभागृह रद्द करणं आणि मुलींना गादीचा हक्क देणं, दोन्ही त्यातच. अट अशी की एकूण मतदारांपैकी, म्हणजे मत न देणाऱ्यांनाही धरून, किमान ४५ टक्के 'हो' हवेत. ती अट टक्काभरापेक्षाही कमी फरकानं पूर्ण झाली. फ्रेडरिकची तेरा वर्षांची थोरली मुलगी मार्ग्रेथे वारस ठरली, क्नूड मागे पडला. एवढी मोठी उलथापालथ टेबल-खुर्चीकडे बघून कशी कळणार? ती आधीच वाचून जा.

जायला मेट्रोचं मार्मोरकिर्केन स्टेशन सोयीचं, तिथून काही मिनिटं चालत. गार्डबदल दुपारी १२ला होतो. त्या सुमारास चौक तुडुंब भरतो आणि पाठोपाठ संग्रहालयातही गर्दी शिरते. त्यामुळे उघडतानाच आत जा, नाहीतर सरळ दुपारी उशिरा. राजा वाड्यात मुक्कामाला नसेल तर वाद्यवृंदासह निघणारी मोठी तुकडी दिसत नाही, बरेच जण इथेच हिरमुसतात. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, काही महिने सोमवारी बंदही असतं. निघण्याआधी संकेतस्थळ बघा.

उरलेला अर्धा दिवस रॉस्किल्डला द्यावा, तिथल्या कॅथेड्रलमध्ये डेन्मार्कच्या राजांच्या कबरी आहेत. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून रेल्वेनं साधारण २५ मिनिटं. इतर राजे कॅथेड्रलच्या आत, सजवलेल्या दालनांत आहेत. फ्रेडरिक मात्र बाहेर, उघड्या आकाशाखाली, विटांच्या अष्टकोनी कुंपणात. तो गेला १९७२मध्ये, ही जागा तयार झाली १९८५मध्ये. २०००पासून इन्ग्रिडही तिथेच आहे. त्याच्याबद्दल ही जागा अभ्यासिकेपेक्षा जास्त सांगते, असं आमचं स्पष्ट मत. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं, रविवारी प्रार्थनेमुळे उशिरा उघडतं.

रोझेनबोर्ग किल्ल्यासह जोडतिकीट मिळतं, पण फक्त फ्रेडरिकसाठी ते घेऊ नका. रोझेनबोर्गची कहाणी १८६३ला, आधीच्या घराण्याबरोबरच संपते. तिथले राजमुकुट बघायचे असतील तर गोष्ट वेगळी.