अमेरिकेचा एच-१बी की कॅनडाचे कायम वास्तव्य?
अमेरिकेचा एच-१बी व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो, त्यामुळे विमानातून उतरण्यापूर्वीच नोकरी आणि पगार ठरलेला असतो. पुण्याच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांना त्याचे आकर्षण वाटते ते प्रामुख्याने याचसाठी. मात्र हे स्थैर्य त्या नोकरीपुरतेच असते. ती गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागतो, आणि रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच जागा येत असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही.

कॅनडाची एक्स्प्रेस एन्ट्री (२०१५ पासून) वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण देऊन थेट कायम वास्तव्य देते. नोकरी सुटली तरी देश सुटत नाही, शिवाय जोडीदारालाही काम करता येते. अडचण नेमकी उलटी : कागद हातात, काम नाही. स्थानिक अनुभव मागणारे मालक आणि परिचारिका, डॉक्टर यांचे प्रांतागणिक वेगळे परवाने यांमुळे अनेकांची पहिली वर्षे पात्रतेपेक्षा खालच्या कामात जातात.

कुटुंब सोबत असेल आणि वर्षभराचा खर्च गाठीशी असेल, तर मी कॅनडाकडे झुकेन; पंचविशीतल्या एकट्या अभियंत्याने मात्र अमेरिकेचा पगार नाकारू नये.