आयबी, ए लेव्हल की एपी: दहावीनंतरचा हिशेब

आयबी, ए लेव्हल आणि एपी या दहावीनंतरच्या तिन्ही परदेशी वाटांची जाहिरात एकच: ‘जगभर मान्य’. ती खोटी नाही. पण प्रवेश देणारं विद्यापीठ कार्यक्रमाच्या नावावर थांबत नाही. कोणते विषय घेतले आणि कोणत्या लेव्हलला, हे पाहतं. मुंबईतले पालक नेमके इथे घसरतात. जुहू, बीकेसी, गोरेगावच्या शाळा महिनाभर पालथ्या घालतात आणि विषयांचा फॉर्म एका संध्याकाळी भरून मोकळे होतात.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलला (एचएल, म्हणजे जास्त खोलवर). प्रत्येकी ७ म्हणजे ४२, वर टीओके (ज्ञान म्हणजे काय हे तपासणारा विषय) आणि एक्स्टेंडेड एसे (ईई, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध) यांचे मिळून ३, एकूण ४५. पास व्हायला २४ लागतात. मात्र त्या दोघांपैकी एकातही ‘ई’ ग्रेड आली तर बाकीचे गुण कितीही असोत, डिप्लोमा हातातून जातो. मुलं दमतात ती परीक्षेने नाही, लिखाणाने. ईई ४,००० शब्दांपर्यंत, टीओकेचा निबंध १,६००, सायन्सच्या प्रत्येक विषयाचा आयए (अंतर्गत मूल्यमापनाचा अहवाल) ३,००० शब्दांपर्यंत, गणिताचं एक्स्प्लोरेशन (त्या विषयाचा आयए) वेगळं, आणि १८ महिने चालणारं कॅस (सर्जनशील कामं, शारीरिक हालचाल आणि समाजसेवेचे उपक्रम). हे सगळं बारावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत अंगावर येतं, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत असते १५ ऑक्टोबर. ईईचा पहिला खर्डा अकरावीनंतरच्या सुट्टीत झाला नसेल तर अर्जाचं लिखाण आणि ईई दोन्ही अर्धेकच्चे राहतात. डोंबिवलीहून रोज जुहू गाठणाऱ्या मुलाने तर हा हिशेब आधीच मांडावा. कॅस काही लोकलमध्ये उभ्याने होत नाही.

आयबीच्या गणितात एए (विश्लेषणावर भर) आणि एआय (वापरावर भर) असे दोन रस्ते आहेत. एआय सोपं म्हणून घेतलं जातं, पण ब्रिटनमधल्या इंजिनिअरिंगच्या बऱ्याच विभागांना एए एचएलच लागतं. डॉक्टर व्हायचं असेल तर आणखी एक गोम: नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात, आणि आयबीच्या नेहमीच्या रचनेत सायन्सचे दोनच विषय बसतात. तिसऱ्यासाठी शाळेला आयबीकडून वेगळी मंजुरी काढावी लागते. ही चौकशी प्रवेश घेण्याआधी करायची.

ए लेव्हल, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची अकरावी-बारावी, उलट स्वभावाचं. सहसा तीनच विषय, पण खोलवर. काय शिकायचं हे पक्कं ठाऊक असलेल्या मुलाला आमच्या मते हेच बरं. केंब्रिज बोर्डाच्या फिजिक्समध्ये एएसचे (ए लेव्हलच्या पहिल्या टप्प्याचे) तीन पेपर मिळून ए लेव्हलचे ५० टक्के होतात. ते अकरावीअखेर देऊन गुण पुढे नेता येतात, बिघडले तर पुन्हा बसता येतं. गोची होते ती पेपर ३ मध्ये. दोन तास, ४० गुण, प्रत्यक्ष प्रयोग. दोन-चारदा मायक्रोमीटर हाताळलेली मुलं तक्त्यात एकके लिहायला विसरतात, रीडिंग्ज कमी घेतात आणि फुकटचे गुण घालवतात. शाळेत महिन्याला किती प्रयोग मुलं स्वतः करतात हे विचारा. चौथा विषय उगाच घेऊ नका. फर्दर मॅथ्स (गणिताच्या पुढचा वेगळा विषय) मात्र गणिताकडे जाणाऱ्याने जरूर घ्यावं.

एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे वेगळं बोर्ड नव्हे. एचएससी, सीबीएसई किंवा आयएससी चालू ठेवून वर जोडायच्या या कॉलेज बोर्ड नावाच्या अमेरिकी संस्थेच्या परीक्षा, १ ते ५ गुणांच्या. शाळेत विषय शिकवत नसले तरी केंद्र मिळालं की बसता येतं. पैसे सर्वांत कमी, शिस्त सर्वांत जास्त. परीक्षा मेमध्ये, नोंदणी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत. बारावीच्या मेमधल्या एपीचा अमेरिकेच्या प्रवेशाला उपयोग नाही, कारण तिथले निर्णय मार्चअखेर लागतात आणि एपीचे गुण जुलैत येतात. तेव्हा फार तर क्रेडिट (कॉलेजातल्या एखाद्या विषयातून सूट) मिळेल. शिवाय त्याच सुमारास नीट आणि एमएचटी-सीईटी. म्हणून अकरावीच्या मेमध्येच दोन-तीन विषय उरका. कॅल्क्युलस बीसी (एपीतली कॅल्क्युलसची मोठी परीक्षा) घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की अनंत श्रेणींचं अभिसरण आणि टेलर श्रेणी एचएससीत शिकवत नाहीत, आणि इंटिग्रेशन बारावीत येतं. म्हणजे दिवाळीपासून स्वतः बसावं लागतं.

परदेश हुकला तर? एचएससीचा निकाल मेमध्ये लागतो आणि मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांच्या याद्या लगोलग सुरू होतात. आयबीचा निकाल जुलैच्या सुरुवातीला, केंब्रिजच्या जून सत्राचा ऑगस्टमध्ये. इथलं कॉलेज हाताशी ठेवायचं असेल तर एचएससीला एपीची जोड ही सर्वांत निवांत सोय. एमएचटी-सीईटीला राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम येतो, अकरावीचा २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के.

ओपन हाउसला जाल तेव्हा मागच्या वर्षीच्या प्रवेशांचं चकचकीत पोस्टर बाजूला ठेवा आणि टाइमटेबल मागा. एए एचएल आणि फिजिक्स एचएल एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच वेळेच्या तासांना, असले, तर माहितीपत्रकात दोन्ही छापलेले असूनही एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत. दुसरं, विद्यापीठांना कळवायचे प्रेडिक्टेड (अंतिम परीक्षेआधी शाळेने अंदाजलेले) गुण कोणत्या परीक्षेवरून ठरतात आणि ती कोणत्या महिन्यात होते, हे लेखी घ्या.