मँक्सचं झाकण आणि मुंबईचा पाऊस: हाताने बांधलेल्या कॅफे रेसरचे आठ महिने

डिसेंबर ते ऑगस्ट, ६,२०० किमी. कॅफे रेसर, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला दिलेलं रेसिंगचं रूप. बुलेट ५००चं कार्ब्युरेटरवालं इंजिन, मूळ चेसिस न कापता वर हाताने ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी, एका माणसाची कुबडवाली सीट, क्लिप-ऑन (फोर्कला थेट आवळलेली बुटकी हँडलं), रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट), पुढे दुहेरी कॅमचा ड्रम ब्रेक. रूप सगळं मँक्स नॉर्टनचं, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत पळणाऱ्या जुन्या ब्रिटिश रेसिंग गाडीचं. गाडी बांधणाऱ्या वर्कशॉपचं नाव इथे घेणार नाही, कारण कारागिरी उत्तम आहे आणि भांडण फक्त एका झाकणावरून आहे. पण त्या झाकणावर लिहायला आहे भरपूर.

आधी कौतुक उरकतो. टाकीचे सांधे घासून असे मिळवलेत की बोट फिरवूनही जोड कळत नाही. वायरिंगला प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट. हँडल पूर्ण वळवूनही हेडलाइटच्या मागची वायर ताणली जात नाही, हे मोठमोठ्या कंपन्यांनाही दरवेळी जमतं असं नाही. थंड इंजिन चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू.

चाल मात्र मँक्सची नाही, आणि ती अपेक्षा ठेवून कुणी घेऊ नये. मँक्सचं १९५४ नंतरचं ५०० इंजिन ८६ × ८५.६ मिमीचं (सिलिंडरचा व्यास × पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक), डबल ओव्हरहेड कॅमचं, जास्त आरपीएमला फिरायला बनवलेलं. आपलं ८४ × ९० चं, पुशरॉडवालं, लांब स्ट्रोकचं. ते कमी आरपीएमलाच ओढतं. ७५-८० वर चौथ्या-पाचव्यात निवांत धडधडत ठेवा, जन्मभर चालेल. ९५ च्या पुढे आरसे फक्त शोभेला. शिवाय मुंबईत पळवायची कुठे? सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर बंदी, इतकंच काय जे. जे. च्या पुलावरही बंदी. रेसिंगच्या गाडीची नक्कल करायची आणि मोहम्मद अली रोडवर हातगाडीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सरकायचं, हा आपला टीटी.

आता झाकण.

टाकीवर ‘मोंझा’ पद्धतीचं झाकण आहे. बाजूची खिट्टी अंगठ्याने उचलली की फटकन उघडतं, आटे नाहीत, चावी नाही. आइल ऑफ मॅनला हे का असायचं ते उघड आहे. एक फेरी ६०.७ किमीची, सीनियर टीटी त्या काळात बहुतेकदा सात फेऱ्यांची, मध्ये पिटमध्ये पेट्रोल भरताना सेकंद मोजायचे. शिवाय ती गाडी शर्यत संपली की तंबूत जायची आणि तिथे तिचा पुर्जा न् पुर्जा उघडला जायचा. आपली गाडी सोसायटीच्या आवारात, पत्र्याच्या अर्ध्या शेडखाली, जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसात उभी राहते.

त्यात बांधणाऱ्याने शोभेसाठी झाकण टाकीच्या पाठीत बुडवलंय. भोवती बशीसारखा खोलगट भाग तयार झालाय: बाहेरून ११० मिमी, आतली मान ७० मिमी, खोली ८ मिमी. हिशेब केला तर बशीत साधारण ४५ मिली पाणी राहतं. त्याला निचरा नाही. कारखान्यातून येणाऱ्या ज्या टाक्यांचं झाकण असं सपाट बसवलेलं असतं, त्यांच्या मानेशेजारी एक बारीक भोक असतं आणि तिथून नळी टाकीच्या आतून खाली जमिनीकडे जाते. कुणाचं लक्षही जात नाही, पण पाऊस तिथूनच निघून जातो. इथे ते भोकच नाही.

नुसतं पाणी साचून भागलं असतं तर फडक्याने पुसलं असतं. पण दिवसभर फिरून टाकी गरम होते, आतली हवा फुगून झाकणाच्या श्वासनळीतून बाहेर जाते. रात्री टाकी गार झाली की तीच हवा परत आत ओढली जाते, आणि झाकणाभोवती पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. म्हणजे जोराचा पाऊसही लागत नाही. संध्याकाळी एक सर, रात्री गारवा, एवढं पुरतं.

लक्षणं फसवी आहेत. गाडी मेन कॉकवर (पेट्रोलचा नळ नेहमीच्या खुणेवर) नीट चालते आणि रिझर्व्हवर घेतली की मिसिंग करते, कार्ब्युरेटरमधून उलट फटके मारते, सिग्नलला बंद पडते. सगळे मेकॅनिक कार्ब्युरेटरच उघडतात. पायलट जेट साफ, नवा प्लग, पुन्हा ट्युनिंग, जुलैत यावर ₹१,४०० गेले. दोष तिथे नव्हताच. मेनची नळी टाकीत उंचावर उघडते, रिझर्व्हची तळाशी, आणि पाणी तळाशी बसलेलं.

तपासणी फुकटात होते. कॉक रिझर्व्हवर करून नळी सोडा आणि २०० मिली पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा. दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर विषय संपला. नुसतं धुरकट दिसलं तर पाणी पेट्रोलमध्ये मुरलंय आणि मर्यादेजवळ आहे. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल बरंच पाणी पोटात ठेवतं, त्यामुळे पहिले काही दिवस काहीच कळत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली उतरतात. म्हणून बाटलीतला खालचा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा बराच जाड दिसतो. तो थर टाकीतच राहिला तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि ती कॉकच्या जाळीत जाऊन बसते.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मत असं होतं की हे झाकण काढून फेकावं आणि साधं आट्यांचं लावावं. त्यानंतर तीन आठवड्यांत मत निम्मं बदललं. झाकण उघडून मोजल्यावर कळलं की मूळ पॅकिंग साध्या रबराचं होतं आणि ई२० ने ते फुगलं होतं. ३ मिमीचं साडेतीनच्या वर. त्यामुळे खिट्टी शेवटपर्यंत बसतच नव्हती. वरून बंद दिसायचं, एका बाजूने नख जाईल एवढी फट. तेव्हा दोष झाकणाच्या जातीचा कमी, त्यातल्या साठ रुपयांच्या रबराचा आणि खालच्या बशीचा जास्त.

दुरुस्ती अशी. पॅकिंग व्हायटॉनचंच, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचंच, घ्यायचं. नागदेवी स्ट्रीटला सील-ओरिंगची दुकानं आहेत, तिथे आतला व्यास ७० आणि जाडी ३ मिमी सांगितलं की मिळतं. दुकानदार व्हायटॉन म्हणून काहीही देऊ शकतो, म्हणून दोन घ्या. एक पंपावरच्याच पेट्रोलमध्ये ४८ तास बुडवून व्हर्नियरने मोजा. ०.२ मिमीपेक्षा जास्त फुगलं तर परत करा. नव्या पॅकिंगवर खिट्टी सैल वाटली तर झाकणात पॅकिंगच्या मागे ०.५ मिमीचा स्टेनलेस वायसर टाका. कागद झाकणात दाबून चारी बाजूंनी ओढून पाहा, सगळीकडे सारखाच अडकला पाहिजे.

बशीला निचरा काढणं हे खरं काम. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, म्हणून बशीच्या डाव्या-मागच्या कोपऱ्यात भोक, त्यातून ६ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची नळी टाकीतून आरपार, वर आणि खाली आरगन वेल्डिंग. खालून रबरी नळी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटमागे सोडायची, सायलेन्सर आणि मागच्या टायरपासून लांब. वेल्डिंगला देण्याआधी टाकी रिकामी करून साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुवा, आणि वेल्डिंग करताना जोडाच्या खालपर्यंत पाणी भरलेलं ठेवा. ‘रिकामी आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडून टाकी परत घेऊन या, स्फोट पातळ पेट्रोलचा नाही, आत उरलेल्या पेट्रोलच्या वाफेचा होतो. नंतर सायकलच्या पंपाने जेमतेम ३ पीएसआय हवा भरून साबणाचं पाणी लावा. जास्त हवा भरली तर टाकीचं पोट फुगतं आणि ते परत बसत नाही. खर्च ₹१,८००. हे काम टाकी बनवतानाच झालं असतं तर नळीपुरते पैसे लागले असते, चिडचिड त्याचीच आहे. बांधणाऱ्याचं उत्तर होतं, ‘साहेब, ओरिजिनलला पण भोक नव्हतं.’ ओरिजिनल कुर्ल्यात उभी राहत नव्हती.

झाकणाची श्वासनळी टेपने बंद करायचा जुगाड काही जण सांगतात. करू नका. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि वीसेक मिनिटांत गाडी तहानलेली बंद पडते. झाकण उघडलं की ‘फुस्स’ आणि पुन्हा चालू.

टाकीवरच्या पट्ट्याकडेही बघा. स्टेनलेसच्या पट्ट्याखाली चामडं लावलंय, दिसायला झकास. चामडं पावसाचं पाणी आणि खारी हवा धरून ठेवतं आणि खाली पांढरे चट्टे उमटतात. चामडं काढून ३ मिमीची निओप्रीन रबराची पट्टी लावली. पट्टा करकचून आवळू नये, टाकी रबरावर किंचित हलली पाहिजे, नाहीतर एका सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने सांध्याशेजारी चीर जाते.

बाकीचं थोडक्यात. पुढच्या ड्रमच्या हवेच्या तोंडातून पावसाचं पाणी थेट ब्रेकच्या लायनिंगवर जातं आणि पहिला ब्रेक लागतच नाही, जूनमध्ये आतून पत्री लावून ते बंद करा. दोन्ही कॅम एकाच वेळी टेकत नसतील तर जोडदांडी सोडून आधी एकेक ब्रेक-शू वेगळा लावून घ्या. क्लिप-ऑन ४० मिमी वर घेतले, तेव्हा कुठे अंधेरी ते दहिसर मनगटं शाबूत राहतात. ६० च्या वर वारा छातीला टेकू देतो, पण वेस्टर्न एक्स्प्रेसवर संध्याकाळी ६० कुठून आणणार? हँडलचा स्टॉपर असा लावा की पूर्ण वळणावर अंगठा आणि टाकी यांत बोटभर जागा उरेल. रिअरसेटचा उजवा फूटरेस्ट घडीचा नसेल तर किक त्याच्यावर आदळते, बॅटरी छोटी असल्याने किक लागतेच. आरसी आणि विम्याचं काम आधी करा. चेसिस न कापणं आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवणं, एवढं तरी हवंच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस सलग पावसात गाडी उभी होती. बाटलीत थर नाही. तरी सीटच्या कुबडात एक जादा व्हायटॉनचं पॅकिंग, एक काचेची बाटली, आणि रात्री झाकणावर घालायला दुधाची पिशवी व रबरबँड आहेच. सकाळी पिशवी काढल्याशिवाय किक मारायची नाही, तिनेही श्वासनळी बंदच होते.