नेपियर गवताचा करार करण्याआधी हे वाचा : माझे ८१,००० रुपये गेले

"नेपियर हे ढोरांच्या चाऱ्याचं गवत लावा, कापायला आमचीच माणसं येतील, टनाला १,००० रुपये, माल थेट बायोगॅसच्या प्लांटला." असं सांगत फिरणारी माणसं तुमच्या गावात आली नसतील तर येतील. आमच्या दारव्हा तालुक्यात येऊन गेली. माझ्याकडून घेतले ते असे : करार फी ११,०००, दोन एकरांसाठी लागवडीच्या २०,००० कांड्या ३ रुपयांनी म्हणजे ६०,०००, माती तपासणी १,५००, गाडीभाडं ८,५००. माती तर कोणी हातातही घेतली नाही.

लोभात पडला म्हणणाऱ्यांनी २०२४ चं सोयाबीन आठवावं. क्विंटलला हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. विहिरीला पाणी असलेल्या कास्तकारापुढं कोणी बांधलेलं गिऱ्हाईक आणून उभं केलं, तर तो ऐकणारच.

पण त्यांचा तो रंगीत कागद! त्यावर छापलं होतं, 'एकरी २०० टन'. तिथंच उठायला पाहिजे होतं. मी विचारलंही, "साहेब, इतकं निघते का?" तर म्हणे, "काका, हे सुपर नेपियर आहे, तुमचं जुनं गवत नाही." संकरित नेपियरचं भरपूर पाणी-खतावर वर्षाला हेक्टरी दीडशे-दोनशे टन हिरवं उत्पादन धरतात. हेक्टरी! म्हणजे एकरी ६० ते ८० टन. त्यांनी हेक्टरचा आकडा उचलून एकरावर ठेवला आणि माझ्याच पडवीत बसून एकरी दोन लाखांचा गुणाकार करून दाखवला. आपण एकर-गुंठ्यात बोलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो कागद आजही समोर आला की अंगाचा तिळपापड होतो. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते; ते हजार रुपये टनानं घेऊन लांबच्या प्लांटला नेणं कोणाला परवडेल, हा हिशेब त्यांच्या कागदावर नव्हता.

तीन बाय दोन फुटांवर एकरात ७,२६० कांड्या बसतात. मला एकरी १०,००० विकल्या. लागवडीला अडीच-तीन महिन्यांच्या पक्व ताटाची, खालच्या-मधल्या भागातली दोन डोळ्यांची कांडी लागते. माझ्या गठ्ठ्यांत शेंड्याचा कोवळा माल निघाला, आतून गरम आणि आंबूस वासाचा. ड्रायव्हरनं धुऱ्यावर गठ्ठे फेकले आणि गाडी वळवली. चौथाई कांड्याही फुटल्या नाहीत. फोन आधी "साहेब मीटिंगमध्ये", नंतर बंद.

पोलीस म्हणाले, करार झाला ना, मग हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. अर्जाची पोच द्यायलाही कुरकुर. कृषी कार्यालयात सांगितलं, "कांडी म्हणजे बियाणं नाही, आमच्याकडे येत नाही." साफ खोटं! १९६६ च्या बियाणे कायद्याच्या व्याख्येत जनावरांच्या चाऱ्याच्या पिकांच्या कांड्या आणि कलमंसुद्धा येतात. हे मी कास्तकारानं शोधून काढायचं आणि पगार घेणाऱ्यानं पंख्याखाली बसून हात झटकायचे? कायद्याचा तो छापील कागद टेबलावर ठेवला तर साहेब म्हणे दौऱ्यावर. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः टाकले. आम्ही जायचं तरी कुठं?

नेपियरचं बी म्हणून कोणी पुडी विकत असेल तर त्याला वावरात पाय ठेवू देऊ नका. संकरित नेपियर बियावर लागत नाही, कांडीवर किंवा ठोंबावरच लागते. ज्याच्या वावरात गवत उभं आहे त्याच्याकडून, डोळ्यांसमोर कापलेली कांडी घ्या. पैसे कोणाच्या खाजगी खात्यावर टाकू नका. माझे तसेच गेले. कराराचा मुद्रांक किती रुपयांचा आहे ते पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० चा ५०० झाला, माझा २०२५ चा करार मात्र १०० वर. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. आणि आपल्या ढोरांपुरतं गवत लावायचं असेल तर त्याला कराराची गरजच नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. यवतमाळ, वाशिमकडे कोणाजवळ असाच करारनामा असेल तर पावत्या आणि पैसे टाकलेल्या खात्याचा नंबर जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याला हाकलतात, दहा जण एकाच अर्जावर सह्या करून गेलो तर पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागेल.